पीकपाण्यात अकरा वर्षं पड

तुझा भाऊ लुगडं घेऊन आला होता. चौथ्या दिवशी. हिरवं, बारीक जरीकाठाचं, घडीवरची दुकानातली चिठ्ठीसुद्धा तशीच. दारात उभा राहिला आणि म्हणाला, "बहीनले लुगडं देवाले उनू."

मी म्हटलं, बस. सुपडू बसला नाही. पायातल्या वहाणासुद्धा काढल्या नाहीत त्यानं.

"माले काबर सांगं नही, दाजी?"

"तार केली होती," मी म्हटलं. "पोचली नसेल."

साठी उलटलेला माणूस मी, तुझा दहावा व्हायच्या आत खोटं बोललो. सुपडूनं माझ्याकडे पाहिलं, मग आतल्या रिकाम्या भिंतीकडे पाहिलं, जिथं तुझी खाट होती. लुगडं कोनाड्यात ठेवलं आणि चालता झाला. पाणी घेतलं नाही. त्या घरचा माणूस माझ्या घरचं पाणी घेत नाही याला आता अकरा वर्षं झाली, हे तुला सांगायला नको.

तार मी केलीच नव्हती. तू गेलीस तेव्हा सकाळचे सात वाजले असतील. वसंतानं सदरा अंगात चढवला. "बाबा, मामाला तार करून येतो." मी म्हटलं, "थांब. आधी इथलं बघ." बस, एवढंच बोललो. पोरगं थांबलं. नरडाण्याजवळचं तुझं माहेर काय परदेशात आहे? सकाळी तार गेली असती तर दुपारच्या गाडीनं सुपडू जळगावात असता. सवाशीण माहेरच्या लुगड्याशिवाय उचलत नाहीत. चाळीतल्या बायका विचारत होत्या, माहेरचं लुगडं कुठंय? मी म्हटलं, माहेर लांब आहे. मग कोपऱ्यावरच्या कापडवाल्या मारवाड्यानं दुकान उघडून एक लुगडं काढून दिलं, आणि तू परक्याचं नेसून गेलीस.

समाजाच्या मासिकवाल्यांनी श्रद्धांजलीसाठी तुझा फोटो मागितलाय. सोबत चार ओळी लिहा म्हणाले, जन्म कुठला, स्वभाव कसा, मागे कोण कोण. वसंत लिहून देतो म्हणाला. मी म्हटलं, मी लिहितो. मी चौथी पास, जन्मभर जिनिंगमध्ये यंत्रांना तेल पाजलं, मला लिहिणं काय येणार? पण वसंत लिहील "प्रेमळ मातोश्री", आणि खाली माझं नाव टाकील. छापायचं असेल तर हे छापा. नसेल तर राहू द्या. मी लिहितोय ते तुझ्याशी.

जमिनीचं आधी बोलतो. शेवटपर्यंत तेच बोलायचं राहिलं.

आपल्या जिनिंगात पेन्शन नव्हती. हंगाम संपला की निम्मी माणसं घरी. माझ्या आधीचा फिटर म्हातारा झाला, हाताला कंप सुटला, तर मालकानं त्याला फाटकाशी स्टुलावर बसवला. येणाऱ्याजाणाऱ्याला तो सलाम करायचा. कापसाच्या गाड्या हाकणारी पोरं त्याला हसायची. मी ते रोज बघायचो आणि घरी येऊन तुला सांगायचो, मी स्टुलावर बसणार नाही. तू ओला फडका घेऊन माझ्या भुवयांतली, कानांतली रुई काढायचीस. म्हणायचीस, "डोळा मिटा पहिले, मंग सेठ व्हा."

तेव्हा जिनिंगच्या मुनीमजींनी सल्ला दिला. त्यांचं घराणं मारवाडातलं, तीन पिढ्या इथं व्यापारात. मला म्हणाले, "भाऊ, सोनं चोरीला जातं, पोरं बायकांची होतात. जमीन घे. स्टेशनच्या आसपास, स्वस्तातली, पडीत. घेऊन सोडून दे. गाव वाढत वाढत तुझ्या बांधापर्यंत येईल. तू म्हातारा होशील तोवर ती जवान होईल." मला ते पटलं. तू म्हणालीस, घ्यायचीच तर माझ्या माहेराकडं घ्या, कुणी बघायला राहील. म्हणून नरडाण्याच्या स्टेशनापासून पाऊण कोसावर तीन एकर बरड घेतली. नुसती मुरमाड, हिवराची झुडपं, मधून एक ओहोळ. माझं नाव गावाकडच्या सात-बाऱ्यावर होतंच, त्यामुळे शेतकरी म्हणून खरेदीला अडचण आली नाही.

आणि तू तुझी पुतळ्यांची माळ काढून दिलीस. तुझ्या बापानं लग्नात घातलेली. मी मागितली नव्हती हे खरं. पण नको असंही म्हटलं नाही. म्हणजे ती जमीन तुझ्या बापाच्या सोन्यावर उभी होती, आणि त्याच्याच पोराला मी त्या बांधावरून उठवलं. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं लिहिलं तर ते दुसरं खोटं होईल. कळत होतं.

मुनीमजींनी एक गोष्ट बजावली होती. "कुणाला कसायला देऊ नको. भावाला नको, मेव्हण्याला नको. कूळ लागलं की गेली." तेव्हा घरोघर हीच भीती. जो कसेल त्याची जमीन, असा कायदा आलेला. कुणाकुणाच्या गेल्या त्याच्या गोष्टी जिनिंगच्या फाटकावर रोज रंगायच्या. तलाठी पावसाळ्यात येतो, पीकपाण्याच्या रकान्यात कोण काय पेरतं ते लिहितो, तिथं एकदा दुसऱ्याचं नाव चढलं की आपण संपलो. माझ्या डोक्यात ते जे बसलं ते बसलं. यंत्राला ढिला नट चालत नाही, तसं.

पहिल्याच पावसाळ्यात तू सुपडूला सांगितलंस, पेर. मला न विचारता. त्याची स्वतःची थोडकीच जमीन, त्यात दोन भाऊबंद. मी रविवारी सहज म्हणून गाडीनं गेलो तर माझ्या बरडावर बाजरी. वीतभर आलेली. सुपडूनं हिवर तोडून बाजूला रचलेला, दगड वेचून बांधाला लावलेले. तो औत सोडून धावत आला, हसत.

"दाजी, देखा! दगडमा बी ऊगनी. दोन वरीस पेरसू, मंग तुमनी जमीन तुमनाजोडेच शे."

मी विचारलं, "तलाठी येऊन गेला?"

"नही. पुढला आठोड्यामा येई."

मी गावात गेलो, पैसे देऊन एक माणूस आणि बैलजोडी आणली आणि उभ्या बाजरीवरून वखर फिरवला. त्या दिवशीच. तू पाठोपाठच्या गाडीनं आली होतीस, कुणी तुला काय सांगितलं देव जाणे. बांधावर उभी राहिलीस, डोक्यावरचा पदर दातात धरून. अर्धं रान झालं होतं. तू मोठ्यानं म्हणालीस, सगळ्यांसमोर, "भाऊ शे मना. कूळ नही!"

मी म्हटलं, "कायद्याला भाऊ कळत नाही."

वखरवाला थांबला होता. मी त्याला म्हटलं, चल. सुपडूनं आपले बैल सोडले, जोखड खांद्यावर घेतलं आणि गेला. त्यानं तोडलेली हिवराची काटेरी फांदी मात्र जाताना उचलून वाटेतून बाजूला केली, तुझ्या पायात जाऊ नये म्हणून. ते मी पाहिलं.

त्या वर्षी पीकपाण्यात "पड" लिहिलं गेलं. मी उतारा काढून आणला आणि तुला दाखवला, जणू मेडल. तू ताटात भाकरी वाढलीस आणि म्हणालीस, "जेवा."

त्यानंतर दरवर्षी पोळ्याच्या सुमाराला मी नरडाण्याला जायचो. तलाठ्याला भेटायचो, पड लिहून घ्यायचो, संध्याकाळच्या गाडीनं परत. तुझ्या गावावरून गाडी जायची. एकदाही उतरलो नाही. घरी पोचलो की तू दारात उभी असायचीस. "तुमनी दुसरीले भेटी उनात?" विचारायचीस. "बरी शे ती. खावाले मांगत नही, लुगडं मांगत नही, बोलत बी नही." मी हसायचो. मला वाटायचं तू थट्टा करतेस, म्हणजे राग गेला.

राग कुठं गेला होता? आखाजीला कळायचं. आपल्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, लेकींचा सण. साऱ्या जगातल्या बायका माहेरी, झाडाला झोके, गाणी, आणि चाळीत राहणाऱ्या म्हाताऱ्या तेवढ्या मागे. तू म्हातारी नव्हतीस. मी तुला कधी जाऊ नको म्हटलं नाही, हे मी दहा जणांना सांगत आलोय. पहिल्या वर्षी म्हटलंही होतं, जाऊन ये. तू पितरांची घागर भरत होतीस, खरबुजाची फोड वर ठेवत होतीस, मान वर न करता म्हणालीस, "कोनतं तोंड लईसन जाऊ?"

आणि मग घागरीवर फूल ठेवलंस. विषय संपला. अकरा आखाज्या.

दुष्काळाच्या सालचं तर बोलायलाच नको, पण बोलतो. सुपडूचे बैल उपाशी होते. माझ्या बरडावर ओहोळाच्या काठाला थोडं वाळलं गवत उभं होतं. सुपडूनं स्वतः विचारलं नाही. तुझ्या गावचा एक माणूस दवाखान्यासाठी जळगावला आला, त्याच्या तोंडी निरोप आला. तू माझ्यासमोर येऊन बसलीस. म्हणालीस, "गवत शे ते. पेरेल नही, आपोआप उगेल. गवतले बी कूळ लागस का?"

उत्तर नसलं की मी काय करतो हे तुला ठाऊक. मी म्हटलं, आज गवत, उद्या गोठा, परवा झोपडं. तू उठलीस. सुपडूनं एक बैल विकला म्हणून नंतर कळलं. तू ते मला सांगितलं नाहीस, त्या निरोप्यानंच सांगितलं.

आता तू म्हणशील, नुसतं वाईटच लिहिता, मग संसार काय फुकट केला का आपण? नाही. जिनिंग बंद पडायचं त्या महिन्यांत तू शेवया, पापड करून घर चालवलंस आणि माझ्या हातावर बिडीला पैसे ठेवलेस, ते चाळीत कुणाला दिसू न देता. माझ्या छातीत रुई बसून दमा झाला तेव्हा रात्र रात्र पाठ शेकलीस. भरीत करायचीस तेव्हा वांगं भाजताना अख्खी चाळ वास घ्यायची आणि तू मला म्हणायचीस, "आधी तुमी जेवा, नहीतर हाई चाळ जेवाले येई." वीस माणसांत मी बावळट बोललो तर तू घरी आल्यावर सांगायचीस, तिथं नाही. एवढं तू माझं राखलंस. मी तुझं काय राखलं, ते शोधतोय.

मागल्या वर्षी मी कामावरून निघालो. स्टुलावर बसलो नाही, तेवढी जिद्द पुरी झाली. तू म्हणालीस, चला आता नरडाण्याला. एक खोली बांधू, पत्रे टाकू, मी तुळस लावीन. माझ्या भावाशी मी बोलीन. मी म्हटलं, अजून दोन वर्षं थांब. स्टेशनजवळ कारखाने येणार अशी बोलवा आहे. आत्ता बांधलं तर भाव पडेल. तिचा भाव! साठीच्या माणसानं दोन वर्षं थांबायचं कशासाठी, हे तू विचारलं नाहीस. तुला तेव्हा ताप येत होता. रोज संध्याकाळी यायचा, तू त्याच्यावर सुंठ प्यायचीस. मग पोटात पाणी झालं. दवाखान्यात नेलं, डॉक्टरनं वसंताला बाहेर नेऊन काही सांगितलं.

शेवटच्या आठवड्यात तू तीनदा म्हणालीस, "सुपडूले बलाई ल्या." पहिल्यांदा मी म्हटलं, बरी हो, आपणच जाऊ. दुसऱ्यांदा ऐकलं न ऐकलं केलं. तिसऱ्यांदा तू माझ्याकडे न बघता भिंतीला म्हणालीस. मला तेव्हा काय अडत होतं, सांगू? सुपडू आला असता तर तुझ्या खाटेशी बसला असता, आणि मला त्याच्यासमोर त्याच खोलीत राहावं लागलं असतं. बास. एवढ्यासाठी. आणि सकाळी सात वाजता पोराला "थांब" म्हटलं तेही एवढ्यासाठीच.

तुझं तेरावं झाल्यावर मी नरडाण्याला गेलो. वसंत म्हणाला, कशाला, विकून टाका, गिऱ्हाईक आहे. दीपनगरला नोकरी आहे त्याची, त्याला त्या मुरमाचं काय. मी आधी तलाठ्याकडे गेलो. म्हटलं, उतारा द्या. जुना तलाठी बदलून गेला, नवा पोरगा आहे, पण तोही मला ओळखतो. "आबा, यंदा लवकर आलात? पडच आहे, काळजी करू नका." त्यानं कागद लिहून दिला. वर माझं नाव, खाली पीकपाण्याचा रकाना. पड, पड, पड. माझ्याच शब्दाखातर अकरा वेळा. मी आयुष्यात तेवढं एकच काम न चुकता केलंय.

मग तुझ्या गावी गेलो. कोनाड्यातलं लुगडं पिशवीत होतं. सुपडू ओसरीवर सुताची दोरी वळत बसला होता. त्याचे केस पांढरे झालेत, मी ते त्या दिवशी दारात बघितलेच नव्हते. त्याच्या बायकोनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. त्यांनी ठेवला, बघ.

मी बसलो आणि जे पाठ करून आलो होतो ते म्हटलं. तार केली नव्हती. खोटं बोललो. वखर फिरवला ते चुकलं. ही जमीन तुझ्या बापाच्या सोन्याची आहे, तू कस, कागद तुझ्या नावे करून देतो. आणि उतारा त्याच्यासमोर ठेवला.

त्यानं तो वाचला. त्याला वाचता येतं, माझ्यापेक्षा बरं. बोट ठेवत रकान्यावरून खाली आला. मग कागद घडी करून माझ्याकडे सरकवला.

"तार करेल नव्हती, हाई माले माहीत व्हतं, दाजी. पोष्टमन मना शेजारले ऱ्हास."

मी कागद परत त्याच्याकडे सरकवला.

"जमीन नको माले. अक्का व्हती तवय तुमी देतात, ते मी तिनासाठे लेतू. आते काय करू?"

मी म्हटलं, तू म्हण, काय देऊ? काही तर माग. मला वाटलं शिवी देईल. मी शिवीसाठीच गेलो होतो बहुतेक.

त्यानं दोरीला गाठ मारली आणि म्हणाला, "एक मांगस. आखाजीनी तिनी घागर मना घर भरू द्या."

मला पटकन कळलं नाही. मी म्हटलं, अरे पण घागर सासरी भरतात, तिच्या नवऱ्याच्या घरी, वसंत भरेल. तशीच रीत आहे.

"माहीत शे," सुपडू म्हणाला. "मन्या बठ्ठ्या बहिनी येतीन आखाजीले. अकरा वरीस ती नही उनी. आवंदा येऊ द्या."

त्याची बायको उंबऱ्यात उभी होती, ती आत गेली.

मी होय म्हटलं. पिशवीतून लुगडं काढून त्याच्या हातात दिलं. त्यानं ते मांडीवर घेतलं, दुकानाची चिठ्ठी काढून टाकली आणि पहिल्यांदा घडी मोडली. म्हणाला, घागरीवर हेच घालीन.

निघताना त्यानं मला आखाजीला या असं म्हटलं नाही. मीही विचारलं नाही.

वसंताला सांगितलं तर तो म्हणाला, लोक काय म्हणतील, आईची पहिली घागर आणि आपल्या घरी नाही? मी म्हटलं, लोकांना सांग माहेरी गेलीय.

तेव्हा ऐक. वैशाखातल्या तिजेला तुझी घागर सुपडूच्या ओसरीवर असेल, हिरव्या लुगड्यात. खरबूज तो चांगलं निवडतो, तू सांगायचीस. बहिणी झोके घेतील, गाणी म्हणतील, एखादी माझ्या नावानं बोटं मोडील, तू थांबवू नकोस. इकडे मी घरात असेन. कुणाची घागर भरायची नाही, कुणाला दारात विचारायचं नाही, दुसरीला भेटून आलात का म्हणून. उतारा ट्रंकेत ठेवलाय. वसंताला म्हटलं, विकायचं तर मी गेल्यावर वीक. त्याच्या आधी पाऊस पडेल, तलाठी येईल, रकान्यात काय लिहायचं ते लिहील. या वेळी मी जाणार नाही.

तू ये जाऊन. घाई करू नकोस. चार दिवस जास्त राहा.